घर माणसांनी भरलेलं, तरी सुट्टीत एकटं का वाटतं?

"होस्टेलवर असताना घरची ओढ लागते आणि घरी आले की चार दिवसांत जीव घुसमटतो. घरात सगळे आहेत, तरी एकटं वाटतं. माझ्यातच काही खोट आहे का?" दिवाळीच्या सुट्टीत मराठवाड्यातली मुलं-मुली हे हमखास विचारतात. छत्रपती संभाजीनगरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, जिंतूर तालुक्यातल्या एका मुलीने सुट्टीच्या सहाव्या दिवशी मला फोन करून हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तिला आधी कालचा दिवस तासातासाने सांगायला लावला. रात्री दोनपर्यंत रील्स, सकाळी दहाला जाग. तोवर आई-वडील कापूस वेचायला गेलेले, आज्जी जेवून आडवी झालेली. दुपारभर ती आणि तिचा मोबाइल. माणसं सहाला थकून येत आणि नऊला झोपत. एका छपराखाली राहून तिची कुणाशी गाठच पडत नव्हती.

शिवाय वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने "सगळ्यांची खूप आठवण येतेय" असं टाकलं होतं. चाळीसेक जणांत मिळून बदामाची दोन चिन्हं आली. तिने अर्थ लावला, की मी कुणालाच नको आहे. खरं तर सगळ्यांना पाठवलेल्या निरोपाला उत्तर देणं हे कुणा एकाचं काम ठरत नाही. एकटेपणाचा अनेक वर्षं अभ्यास केलेले शिकागो विद्यापीठाचे जॉन कॅसिओप्पो सांगत, की एकटं वाटायला लागलं की मन नकाराच्या खुणा जास्तच टिपायला लागतं. इथे तेच झालं होतं.

होस्टेलवर मेसच्या रांगेत, पाण्याच्या नळावर, उघड्या दारातून डोकावताना दिवसातून वीसदा भेट होते. ती कुणी ठरवलेली नसते. सुट्टीत मैत्री तशीच असते, पण ही आयती भेट नाहीशी होते, आणि ठरवून भेटायची सवय तर कुणालाच लागलेली नसते.

उपाय सांगण्याआधी एक तपासणं गरजेचं होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज उदास वाटणं, आवडीच्या गोष्टीतही मन न लागणं, झोप-भूक बिघडणं, जगू नये असं वाटणं, यातलं काही आहे का? तिला तसं नव्हतं. ज्यांना आहे त्यांनी सुट्टी संपायची वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जगू नये असा विचार येत असेल तर घरातल्या एकाला आजच सांगायचं.

सुरुवात झोपेपासून केली. दोनची झोप एकदम दहावर आणायला गेलं की माणूस नुसता कूस बदलत राहतो. म्हणून झोपायची वेळ मोकळी ठेवली आणि उठायची पक्की केली, साडेसहा. मोबाइलचा चार्जर ओसरीत. दुपारी झोप आलीच तर वीस मिनिटं. पहिले दोन दिवस डोकं जड होतं. चौथ्या रात्री ती साडेदहाला आपोआप झोपली.

मग एक दिवसाआड सकाळचे दोन तास आईसोबत वेचणीला. यात मदतीपेक्षा मोठी गोष्ट अशी, की वेचताना दोघींचे डोळे बोंडांवर असतात. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते शेजारच्या ओळीत चालताना सहज निघतं. कार्तिकातला काकडा देवळात सुरूच होता. झोप रुळल्यावर पहाटे आज्जीबरोबर जायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मैत्रीसाठी तीनच नावं काढली. जास्त काढली की एकालाही निरोप जात नाही. प्रत्येकाला वेगळा निरोप, त्यात एक आठवण, एक प्रश्न आणि एक वेळ: "प्रॅक्टिकलला आपली बीकर फुटली ते आठवून हसू आलं. तुझी जर्नल कुठवर आली? रविवारी सातला फोन करू का?" असा निरोप पाठवताना आपण लोचटपणा करतोय असं वाटतं. संशोधक पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र दिसलं, की आपण आठवण काढली याचा समोरच्याला होणारा आनंद आपण कमीच धरतो.

पहिला फोन चार मिनिटांत आटोपला. "काय चाललंय?" "काही नाही." यापुढे दोघींना सुचेना. पुढच्या वेळी दोघी फोन चालू ठेवून जर्नल लिहीत बसल्या आणि पाऊण तास गेला. हाताला सारखं काम असलं की गप्पांना विषय शोधावा लागत नाही. एका मैत्रिणीने उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी आणखी एक निरोप पाठवला आणि तिथेच थांबायचं ठरलं. तिसरं नाव वर्गातल्या मुलाचं होतं. गच्चीवर जाऊन हळू आवाजात बोलल्यावर आईला शंका आली. मग कुणाशी, कशाबद्दल आणि किती वेळ हे आधी सांगून ओसरीत बसून बोलणं सुरू झालं. पोरींना हा हिशेब द्यावा लागतो हे न्याय्य नाही. पण लपवलं तर फोनच हातातून जातो.

गावातली शाळेची मैत्रीण लग्न होऊन परळीकडे गेलेली. ती भाऊबीजेला माहेरी येणार हे तिच्या आईकडून कळलं, आणि दोन वर्षांनी दोघी भेटल्या. निघताना हिने तिला एवढंच विचारलं, "तुला कधी बोलता येतं?" सासरचे बाजाराला जातात त्या दिवशी, दुपारी. तेव्हापासून फोन तीच करते, सहा-सात मिनिटं.