सिंक्रोट्रॉनची जुनी कंट्रोल सिस्टीम एकदाच काढून नवीन का नाही टाकत?

कारण सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन रिंगमध्ये फिरवून एक्स-रेसारखा प्रकाश काढणारं मशीन, तेवढे दिवस बंद ठेवणं परवडत नाही भाऊ, आणि घाईत बदललं की चुका होतात. मी जळगावात डाळ मिलांचे पीएलसी (मशीन चालवणारे छोटे कंट्रोल कॉम्प्युटर) बघतो, एका मिलमध्ये अख्खं पॅनल एका रात्रीत बदललं, दोन वायरींचे टॅग उलटे लागले आणि पुढचा कन्व्हेयर बंद असताना मागचा एलिव्हेटर सुरू, सकाळी गुडघाभर तूरडाळ! आता आपल्या शेजारचं इंदूरचं इंडस-२ घ्या, 2.5 जीईव्ही ऊर्जेची रिंग, घेर 172.5 मीटर, त्यात मॅग्नेटचे पॉवर सप्लाय, व्हॅक्यूम, आरएफ (इलेक्ट्रॉनला ऊर्जा देणाऱ्या रेडिओ लहरी) असे हजारो सिग्नल.

जगात बऱ्याच ठिकाणी एपिक्स नावाचं कंट्रोल सॉफ्टवेअर वापरतात, अमेरिकेतल्या लॉस अलामोस आणि अरगॉन प्रयोगशाळावाल्यांनी 1990 च्या आसपास मिळून उभं केलेलं, फुकट आहे. त्यात प्रत्येक सिग्नलला एक नाव असतं, ते नाव तेच ठेवलं की मागचं जुनं व्हीएमई कार्ड (जुन्या पद्धतीचं कंट्रोल बोर्ड) काढून लिनक्सचा डबा बसवला तरी ऑपरेटरच्या स्क्रीनला पत्ता लागत नाही. म्हणून शटडाऊन मिळेल तसा एकेक क्रेट (कार्डांची पेटी) बदलत जातात. खरी घाई जुन्या कार्डांचे स्पेअर मिळेनासे झाले की होते. माणसांच्या सेफ्टीचा इंटरलॉक (धोका दिसला की मशीन आपोआप थांबवणारी व्यवस्था) मात्र यात मिसळत नाहीत, तो वेगळाच असतो.