विषाणू पेशीची एन्झाइम्स कशी वापरतो, आणि पेशी ती बंद का करत नाही?

तुम्ही विचारलंय की हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जनुकं असलेला विषाणू पेशीचीच एन्झाइम्स वापरून वाढतो कसा, आणि पेशी ती बंद करून मोकळी का होत नाही?

फ्लूचा विषाणू वाढवायला शिकत होतो तेव्हा मी एक माती खाल्ली होती. पेशींना विषाणू लावला, तीन दिवस वाट पाहिली, पेशी ठणठणीत! झालं होतं एवढंच, की पेशी वाढवताना घातलेलं सीरम (रक्तातला द्रव भाग) धुवून काढायचं राहिलं होतं. फ्लूच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन एका ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय विषाणूला पुढच्या पेशीत शिरता येत नाही, आणि ती कात्री, म्हणजे कापणारं एन्झाइम, त्याच्याकडे नसते. श्वासमार्गात ती आपल्या पेशी पुरवतात. फ्लास्कमध्ये आपण ट्रिप्सिन नावाची तशीच कात्री घालतो, आणि सीरम नेमकं ट्रिप्सिनलाच निकामी करतं. पहिल्या फेरीत नवे विषाणू बनलेही असतील, पण सगळे बिनकामाचे.

घातक बर्ड फ्लूत याच जागी दोन-चार जादा अमिनो आम्लं असतात. मग ती जागा फ्युरिन या दुसऱ्या कात्रीलाही कापता येते, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत सापडतं. कोंबडीच्या अंगभर आजार पसरतो तो त्यामुळे.

फ्लू आणखी एक चोरी करतो. पेशी आपल्या आरएनएच्या टोकाला रासायनिक टोपी चढवते. विषाणू ती १०-१३ अक्षरांसकट कापून स्वतःच्या आरएनएला लावतो. टोपी घालणं म्हणतात ते हेच!

एचपीव्ही, म्हणजे चामखीळ आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू, तर याहून बेरकी. त्याच्याकडे डीएनएची नक्कल करणारं एन्झाइमच नाही, आणि तो वाढतो त्वचेच्या वरच्या थरांत, जिथल्या पेशींनी विभाजन थांबवून ती सगळी यंत्रणा गुंडाळलेली असते. त्याचं ई७ प्रथिन पेशीच्या विभाजनावरचा आरबी नावाचा ब्रेक काढतं आणि बंद कारखाना पुन्हा सुरू होतो. यावर बोंब ठोकणाऱ्या पी५३ या पेशीच्या पहारेकरी प्रथिनाला विषाणूचं दुसरं प्रथिन, ई६, पेशीच्याच एका एन्झाइमकडून 'टाकाऊ'चं लेबल लावून घेतं, की पेशीची कचरा-यंत्रणा त्याचा निकाल लावते. पुढे कधी कर्करोग झाला तर त्यात विषाणूचा काडीचा फायदा नसतो.

आता बंद करण्याबद्दल. काही वेळा पेशी तेही करते. प्रथिनं बनवणं थांबवते, किंवा सरळ मरते. पण हिपॅटायटिस डी घ्या. जेमतेम १७०० अक्षरांचा आरएनए, त्याची नक्कल करणारं एन्झाइम, पॉलिमरेज, स्वतःचं नाही. यकृताच्या पेशीतलं आरएनए पॉलिमरेज २, ज्याचं काम डीएनए वाचणं, त्यालाच तो आपला आरएनए वाचायला लावतो. या एन्झाइमला रोखणारं रसायन निसर्गात आहे: डेथ कॅप अळंबीतलं अमॅनिटिन. ते पोटात गेलं की आधी यकृतच निकामी होतं. म्हणजे विषाणूने पकडलेलं एन्झाइम बंद करायचं, तर पेशीलाही त्याच्याशिवाय जगता येत नाही.