गायकच वैमानिक

प्रश्न : आयर्न मेडन या माझ्या आवडत्या मेटल बँडचा मुंबईतील कार्यक्रम थोरल्या भावाने पाहिला होता. त्या दौऱ्यात गायकच विमान चालवत असे, हे त्याचे सांगणे खरे मानावे काय?

उत्तर : अगदी खरे. १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर ज्या जागतिक दौऱ्याची सुरुवात झाली, त्यासाठी बँडने बोइंग ७५७ विमान भाड्याने घेतले होते आणि गायक ब्रूस डिकिन्सन हे व्यावसायिक वैमानिकही असल्याने ते स्वतःच ते चालवत. प्रवासी कक्षाचा मागचा भाग आसने काढून मोकळा केला होता. तेथे वाद्ये आणि रंगमंचाचे सामान रचले जाई. माणसे व सामान एकाच विमानातून निघाल्यामुळे एरवी न परवडणारे दूरदूरचे कार्यक्रम सलग करता आले. आपल्या बंधूंचा, खरे सांगायचे तर, हेवा वाटतो.