तुझ्या चौदा देवांविषयी

अनेक आशीर्वाद.

तुझ्या खेळातल्या कल्पित जगासाठी तू रचून पाठवलेलं चौदा देवांचं कोष्टक दोनदा वाचलं. युद्धाचा देव, समुद्राची देवी, मृत्यूचा देव. प्रत्येकाचं चिन्ह, रंग, आवडतं शस्त्र. मेहनत दिसते. पण हे मंत्रिमंडळ झालं. खातेवाटप चोख, जनता गायब. तुझ्या जगातल्या कोळ्याची होडी परत आली नाही तर त्याची बायको कुणाच्या दारी जाते, काय कबूल करते, ते कुठेच सापडलं नाही.

१९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं वठवत खेळायच्या खेळाच्या वळणाच्या खेळांत पुजारी बहुधा एक देव निवडतो आणि त्यालाच धरून राहतो. बहुदेवपूजक माणूस असा वागत नाही. आपल्याच घरांत बघ: कुलदैवत एक, गावदेव दुसरा, वारी तिसऱ्याची, आणि विहिरीवर साती आसरांना हळदकुंकू. यात कुणालाच विसंगती वाटत नाही.

देव भव्यच हवा असंही नाही. रोमनांकडे गव्हावरच्या तांबेऱ्याचा वेगळा देव होता, रोबिगस. २५ एप्रिलला त्याला कुत्र्याचा बळी देत आणि पिकाला हात लावू नकोस म्हणून विनवत. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडतात, त्यातलाच प्रकार. 'येऊ नकोस' म्हणून पुजलेला एक तरी देव तुझ्या जगात असू दे.

देवांची लग्नंही उगाच लावू नकोस. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. दोन समाजांचा तो जावई आहे, आणि सवतींची भांडणं लोकगीतांत अजून रंगतात. तुझ्या पर्वतदेवाला बायको देताना आधी ठरव, कोणते लोक कुणाचे सोयरे झाले.

आणि देव हलतात! इ. स. पू. ३९६ मध्ये वेई हे शत्रूचं शहर घेताना रोमनांनी तिथल्या जुनो देवीला आपल्याकडे येण्याची विनंती केली, बदल्यात देऊळ कबूल केलं, अशी कथा रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज अमलाच्या धाकाने मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला नेला. देव गेल्यावर जुन्या जागेत काय उरतं? या एका प्रश्नावर तुझ्या खेळाचे चार रविवार निघतील.

मी स्वतः एकदा एकवीस देव रचले होते, वंशावळीसकट. खेळाडूंच्या लक्षात राहिला फक्त उताराजवळचा शेंदूर फासलेला दगड, जो मी ऐन वेळी ठोकून दिला होता. नदी ओलांडण्याआधी त्याला काहीतरी द्यावं लागे. एकाने दिलं नाही, आणि पुढचे तीन महिने बाकीचे त्यालाच बोल लावत होते.

तेव्हा कोष्टक तूर्त बाजूला ठेव. एकच गाव घे. तिथल्या तीन अडचणी, प्रत्येकीचा देव, त्याला काय चढवतात आणि त्यातला वाटा कोण नेतो, एवढं लिही. सुरुवात त्या कोळिणीपासून कर: नवरा सुखरूप परतलाय, आणि हिने नवस अजून फेडलेला नाही.