वाचकांचे प्रश्न : कॉफीचं पाकीट मातीत जिरेल का?

प्रश्न : चिखलदऱ्याची कॉफी भाजून पाव किलोच्या पाकिटांत विकतो. निम्मा माल चिखलदरा-परतवाड्यात खपतो, बाकी पार्सलनं पुण्या-मुंबईला जातो. कम्पोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारी पाकिटं आणली, तर काही फुगून सीलपाशी उघडली, काहींतल्या पुडीचे पावसाळ्यात गोळे झाले. शिवाय गिऱ्हाईक विचारतं, पाकीट शेणखतात टाकलं तर चालेल का?
— एक वाचक, परतवाडा

उत्तर : भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त. पाकीट लगेच बंद केलं की तो सीलमधून वाट काढतो. बिया स्टीलच्या डब्यात, झाकण सैल ठेवून दोन दिवस राहू द्या, मग भरा. दळल्यावर वायू झपाट्यानं निघतो, म्हणून पूड काही तासांत भरता येते. जास्त थांबलात तर वास उडतो. त्यानंतरही थोडा वायू येतोच, तेव्हा पाकीट टच्च भरू नका. पार्सलच्या बियांना एकतर्फी व्हॉल्व्हचं, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं पाकीटच हवं. काहीजण सुईनं भोक पाडतात, ते करू नका. त्याच भोकातून हवा आणि ओल आत शिरते.

आता सील. पॉलिथिनच्या सवयीनं सीलरचा आकडा ठेवला की पीएलएची (मका किंवा उसासारख्या पिकांपासून केलेल्या कम्पोस्टेबल प्लास्टिकची) फिल्म वितळून पातळ होते. आकडा खालून एकेक वाढवत न्या, आणि दाबल्यावर दोन-तीन सेकंद थंड होऊ देऊन मगच दांडा उचला. नमुन्याचं पाकीट पाण्यात बुडवून दाबून पाहा. बुडबुडे बहुधा बाजूच्या घडीपाशी निघतात. तिथं चार पदर संपून दोन सुरू होतात आणि त्या पायरीवर बारीक पोकळी राहून जाते. सीलच्या पट्ट्यावर पूड बसली तरी हेच होतं. नरसाळं लांब दांड्याचं घ्या, वर चार बोटं जागा सोडा, पट्टा कोरड्या ब्रशनं झाडा.

गोळे होतात ते मात्र फिल्ममुळे. साधं पीएलए किंवा साधं सेल्युलोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेली फिल्म) पॉलिथिनइतकी ओल अडवत नाही. धातूचा सूक्ष्म थर दिलेलं सेल्युलोज पुष्कळ बरं. त्यात आपल्याकडचं ऊन. पीएलए 55 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. म्हणून आमचं मत असं : जवळच्या गिऱ्हाइकाला स्टीलचा डबा द्या, अनामत घ्या आणि धुऊन पूर्ण वाळवलेला डबा पुन्हा भरून द्या. कम्पोस्टेबल पाकीट तीन-चार आठवड्यांत संपणाऱ्या मालाला वापरा. पावसाळ्यातल्या लांबच्या पार्सलला एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं, पुनर्वापराला जाणारं पाकीट वापरण्यात कमीपणा नाही. खराब होऊन फेकलेल्या कॉफीत शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत जाते. कागद, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक एकत्र चिकटवलेलं पाकीट मात्र टाळा. त्याचे थर गावात कोणी वेगळे करू शकत नाही.

शेणखताचं उत्तर बहुतेक पाकिटांपुरतं ‘नाही’ असंच आहे. आपल्याकडचं मानक आयएस/आयएसओ 17088; ते कारखान्यातल्या कम्पोस्टिंगचं आहे. तिथं सुमारे 58 अंशांची ऊब सतत ठेवतात आणि 180 दिवसांत 90 टक्के विघटन मोजतात. उकिरड्यात तेवढी ऊब टिकत नाही. पाकीट ‘होम कम्पोस्टेबल’, म्हणजे घरच्या खतातही कुजणारं असेल तर स्वतः तपासा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत गावोगावी माहीत आहेच : 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतींना भोकं असलेलं विटांचं टाकं. पाकिटाचे तळहाताएवढे तुकडे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधा, सोयाबीनचं कुटार, शेणकाला आणि माती यांच्या मधल्या थरात ठेवा, पिशवीची दोरी भोकातून बाहेर काढा. तीन-चार महिन्यांनी खत काढताना उरलेले तुकडे दिसतील. व्हॉल्व्ह, झिप आणि प्लास्टिकचं लेबल आधी कापून काढा. पाकीट कम्पोस्टेबल असलं तरी हे भाग बऱ्याचदा साधे प्लास्टिकचेच असतात.

प्रश्न : बाजाराच्या दिवशी कॉफीची गाडी लावते. कागदी कप खतात टाकता येतील का?
— एक वाचिका, अचलपूर तालुका

उत्तर : कागदी कपाच्या आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. कागद कुजतो, थर तुकडे होऊन शेतात पसरतो. पीएलएचा थर असला तरी वरचीच अडचण. बाजारात लोक गाडीपाशी उभं राहूनच पितात, तेव्हा काचेचे किंवा स्टीलचे ग्लास, दोन बादल्या आणि उकळतं पाणी एवढ्यावर काम चालतं. न्यायला मागणाऱ्याला कुल्हड द्या. उरलेला चोथा मात्र थेट नाडेपमध्ये जाऊ द्या, कुटारात मिसळून. एकाच जागी ढीग केला तर त्याचा गच्च थर होऊन बुरशी धरते.

प्रश्न : पाकिटं घेताना विक्रेत्याला काय विचारावं?
— एक बचत गट, धारणी

उत्तर : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा, आणि त्यावरचं उत्पादकाचं नाव पाकिटाशी जुळवा. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘इकोफ्रेंडली’ छापलेलं असेल तर घेऊ नका. त्यात बऱ्याचदा तुकडे पाडणारं रसायन घातलेलं साधं प्लास्टिक निघतं. पाकिटाची तारीख विचारा, कारण ती ठेवूनही जुनी होतात, ठिसूळ पडतात. दोन-तीन महिन्यांपुरतीच घ्या आणि टिनाच्या शेडखाली न ठेवता घरातल्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा.