घोड्यांवर संशोधन करायचे आहे, पण खर्च कोण देणार?

शहादा तालुक्यातील एका शेतकरी वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहत ती लहानाची मोठी झाली. आता तिला ग्रामीण भागात घोड्यांवर उपचार करायचे आहेत आणि त्याच विषयात संशोधनही करायचे आहे. पुढच्या शिक्षणासाठी दोन एकर जमीन विकावी लागेल का आणि सरकार घोड्यांसाठी पन्नास लाख देते असे गावात ऐकले ते तिला मिळतील का, असे त्यांनी विचारले आहे.

महोदय, सप्रेम नमस्कार.

जमीन विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. पन्नास लाखांची गोष्ट खरी आहे, पण ती आपल्या कामाची नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ साली बदल झाला आणि घोडे, गाढवे, खेचरे व उंट यांच्या उद्योगासाठी भांडवलाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याचे ठरले. हे पैसे प्रकल्प उभारणाऱ्यासाठी आहेत, शिकणाऱ्यासाठी नाहीत. कोणी त्या अनुदानातून शिक्षणाचा खर्च काढून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

'घोड्यांच्या डॉक्टरांसाठी' अशी पाटी लावलेली संशोधन शिष्यवृत्ती शोधण्यात आपल्या मुलीने वेळ घालवू नये. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे व तट्टे मिळून अवघी ३.४ लाख भरली, म्हणजे २०१२ च्या तुलनेत ४५.६ टक्के घट झाली. एवढ्या थोड्या जनावरांसाठी वेगळी थैली सहसा कोणी उघडत नाही. पैसा मिळतो तो रोगाच्या प्रश्नाला, आणि घोडा त्या प्रश्नाच्या आत असावा लागतो. ग्लँडर्सचेच पाहा. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर खात्रीचा उपचार नाही आणि चाचणीत बाधित ठरलेले जनावर दयामरण देऊन संपवावे लागते. ज्या टांगेवाल्याचे घर त्या एका घोड्यावर चालते, त्याला हे समजावून सांगणे पशुवैद्यकाच्याच वाट्याला येते. सर्रा हा रोग चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. सामान्यतः तो जनावरांचाच मानला जातो, तरी २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात त्याचे परजीवी सापडले. त्याच्या रक्तात या परजीवींना मारणारे एक प्रथिन काम करत नव्हते, हे पुढच्या अभ्यासातून कळले आणि त्या एका रुग्णाची नोंद जगभरच्या वैद्यकीय साहित्यात गेली. सर्पदंशावरील लसही घोड्यांच्याच रक्तद्रवापासून बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण त्यासाठी ऐकले असेल. मुलीने असा एखादा प्रश्न हाती धरला, तर निधी देणाऱ्याला घोड्याचे महत्त्व वेगळे पटवावे लागणार नाही.

आता खर्चाचे. पहिला टप्पा एम.व्ही.एस्सी.चा, म्हणजे पशुवैद्यकातील पदव्युत्तर पदवीचा आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देशपातळीवर होते. तिच्यातून इतर राज्यांतील विद्यापीठांतही प्रवेश मिळतो आणि वरच्या क्रमांकांना मासिक शिष्यवृत्ती मिळते. परभणीच्या मुलांचा ओढा पशुधन विकास अधिकारी पदाच्या स्पर्धा परीक्षेकडे असतो आणि तो रास्तही आहे, पण आपल्या मुलीने परिषदेची ही प्रवेश परीक्षा आधी मनावर घ्यावी. परजीवीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा औषधवैद्यक (मेडिसिन) यांपैकी एक विषय निवडून प्रबंधासाठी घोड्यांचे नमुने घेता येतात. हरियाणातील हिस्सार येथे परिषदेचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे आणि बिकानेरला त्याची शाखा आहे. प्रबंधाचा काही भाग तिथे करता येईल का, हे मार्गदर्शक प्राध्यापकांना प्रवेशानंतर लगेच विचारावे, कारण दोन संस्थांच्या परवानग्यांना महिनोन्‌महिने लागतात.

पुढे केंद्र सरकारच्या निधीतून चालणाऱ्या संशोधन प्रकल्पांत कनिष्ठ संशोधन फेलोला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे भत्ता मिळतो आणि ज्येष्ठ फेलोला ४२,०००. त्यासाठी नेट किंवा तत्सम राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. पीएच.डी.साठी राज्यात प्रवर्गानुसार बार्टी, सारथी व महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती, म्हणजे संशोधनासाठीच्या शिष्यवृत्ती, आहेत. आपण प्रवर्गाचा उल्लेख केलेला नाही, पण लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र आताच काढून ठेवावे. अधिछात्रवृत्तीचे हप्ते नेहमी वेळेवर येतातच असे नाही, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असू द्यावा. एवढीच तजवीज मी आपल्याकडून मागेन.

दुसरी वाट लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरची, म्हणजे लष्करातील जनावरांची निगा राखणाऱ्या विभागाची आहे. पदवीनंतर पाच वर्षांचे अल्पकालीन कमिशन मिळते, ते पुढे आणखी पाच वर्षे वाढू शकते. घोडे व खेचरे इतक्या संख्येने हाताळण्याची संधी नागरी नोकरीत क्वचितच मिळेल आणि त्यासाठी पगारही मिळतो. मुलगी एम.व्ही.एस्सी. घाईने करू इच्छित नसेल, तर मी ही वाट आधी सुचवीन.

सगळ्यात मोलाचे काम मात्र एक वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये होईल. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ झाला की तो पोटाकडे वळून पाहतो, पाय आपटतो, लोळतो आणि नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घालून साचलेले बाहेर काढावे लागते. ही नळी घालण्याचा सराव पुस्तकातून होत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्यात जनावरे जमतील तेव्हा तिने तिथल्या शासकीय पशुवैद्यकीय पथकासोबत थांबावे आणि प्रत्येक रुग्ण घोड्याची एक पानाची नोंद करावी : वय, कुठून आला, काम काय, ताप किती, रक्ताचा नमुना घेतला का, उपचार काय केला, मालकाने पुढे काय कळवले. अशी शंभर पाने घेऊन ती मुलाखतीला बसली, तर तिचे वडील काय करतात हे विचारायला समितीला वेळ उरणार नाही.

परिषदेच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची अधिसूचना निघाली की अर्ज भरण्याआधी माहितीपुस्तिकेतील वयोमर्यादा आणि शिष्यवृत्तीच्या अटी तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात आणि जे कळणार नाही ते खूण करून मला पाठवावे.