गुरुजींच्या नावाचं खोटं खातं आणि विद्यार्थ्याचे गेलेले पैसे

प्रश्न: मी गोव्याच्या फोंडा तालुक्यातला निवृत्त मराठी शिक्षक, वय 68. चवथीच्या सणाआधी (गणेशचतुर्थी) कोणीतरी माझा फोटो लावून फेसबुकवर माझ्या नावाचं दुसरं खातं उघडलं. माझा एक जुना विद्यार्थी वाळपईला असतो. त्याला त्या खात्यावरून मेसेज गेला की माझे एक मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहेत, त्यांची बदली झाली आहे, घरातलं फर्निचर आणि फ्रीज स्वस्तात देत आहेत. त्याने यूपीआयने 38,500 रुपये पाठवले. सामान आलंच नाही. आता तो म्हणतो, "गुरुजी, तुमच्या नावावर मी पैसे घातले." निदान अर्धे तरी मी द्यावेत असं त्याच्या वडिलांचं म्हणणं आहे. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही माझं नाव घेतलं जातंय. पोलीस ठाण्यात गेलो तर "तुमचे पैसे कुठे गेलेत? ज्याचे गेले त्याला पाठवा," असं सांगितलं. मी हे पैसे देणं लागतो का? यात मी अडकेन का?

उत्तर: गुरुजी, सप्रेम नमस्कार. आधी तुमची झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कायद्याने तुम्ही एक रुपयाही देणं लागत नाही. तुम्ही काही विकलं नाहीत, कोणाला हमी दिली नाहीत, पैसे घेतले नाहीत आणि आपल्या नावाने बोलायला कोणाला सांगितलंही नाहीत. चुकीने दिलेले पैसे परत करायची जबाबदारी ते घेणाऱ्यावर असते, असं भारतीय करार कायद्याचं कलम 72 सांगतं. म्हणजे ज्याच्या खात्यात 38,500 रुपये जमा झाले, तो देणेकरी. तुमचं नाव आणि फोटो चोरीला गेले, एवढ्याने तुम्ही देणेकरी होत नाही.

अर्धे पैसे देऊन विषय मिटवावा असं तुमच्या मनात येत असणार. विद्यार्थी आहे, घरोबा आहे, गावात तोंड दाखवायचं आहे. तरीही आत्ता देऊ नका. आज दिलेले पैसे उद्या कोणी कबुली म्हणून दाखवू शकतं, आणि त्याच खात्यावरून आणखी चार जण फसले असतील तर तेही तुमच्या दारात येतील. पुढे कधी त्या मुलाला मदत करावीशी वाटली तर खुशाल करा, पण ती मदत आहे असं स्पष्ट लिहून आणि तुमची स्वतःची तक्रार नोंदवली गेल्यानंतर.

त्या तक्रारीबद्दल पोलीस ठाण्यात तुम्हाला मिळालेलं उत्तर बरोबर नाही. विद्यार्थ्याचे पैसे गेले हा एक गुन्हा, आणि तुमची ओळख वापरून तुमचं नाव खराब केलं हा तुमच्याबाबतीत घडलेला वेगळा गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मध्ये कलम 66 सी दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरण्याबद्दल आहे आणि 66 डी संगणक किंवा मोबाइल वापरून तोतयेगिरीने फसवण्याबद्दल. दोन्हींना 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 319 तोतयेगिरीला 5 वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. तुमच्या दृष्टीने सर्वांत जवळचं आहे कलम 336 चं पोटकलम 4. एखाद्याची अब्रू जावी म्हणून खोटा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज बनवणं हाही त्याखाली गुन्हा ठरतो. त्यात कोणाचा एक पैसा गेला नसला तरी चालतं. तक्रारअर्जात ही कलमं लिहाच.

अर्ज लिहिण्याआधी पुरावा हातात घ्या. इथेच बहुतेकांची गफलत होते. खोटं खातं दिसलं की माणूस घाबरून सगळ्यांना सांगतो, "रिपोर्ट करा, रिपोर्ट करा." संध्याकाळपर्यंत खातं गायब होतं, आणि पोलिसांपुढे ठेवायला उरतो एक धूसर स्क्रीनशॉट. नुसता फोटो आणि नाव पुरत नाही. ते नाव उद्या बदलता येतं. खात्याची लिंक मात्र उतरवून ठेवायला हवी, कारण त्या लिंकवरून किंवा तिच्यातल्या आकड्यांवरून कंपनीला नेमकं खातं शोधता येतं. विद्यार्थ्याकडून पूर्ण संभाषण घ्या, तारीख-वेळ दिसेल असं. ज्या फोनवर ते आलं तो फोन त्याने विकू नये, रीसेटही करू नये. पुढे कोर्टात या नोंदी मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाती असला की ते काम सोपं होतं.

खातं आधीच बंद झालं असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनुसार काढून टाकलेल्या मजकुराची आणि त्याच्याशी संबंधित नोंदींची माहिती कंपनीला तपासासाठी 180 दिवस जपून ठेवावी लागते. म्हणून पोलिसांनी ती लवकर मागवणं महत्त्वाचं, आणि म्हणूनच तुम्ही थांबू नये. खातं अजून चालू असेल तर पुरावा घेऊन झाल्यावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे स्वतःच्या नावाने तक्रार करा. तोतयेगिरीचा मजकूर काढायला याच नियमांनी आधी 24 तासांची मुदत घातली होती, 2026 च्या दुरुस्तीने ती 2 तासांवर आणली. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

आता पोलीस. रायबंदरला सायबर गुन्हे पोलीस ठाणं आहे, पण "तिकडे जा" एवढं सांगून तुमचं ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 173 मध्ये आता स्पष्ट लिहिलं आहे. 3 वर्षांपासून 7 वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, तेवढा धीर धरा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. तरीही दखल घेतली नाही तर तोच अर्ज पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

विद्यार्थ्याचे पैसे हा वेगळा मार्ग आहे आणि तो त्यानेच धरायला हवा. त्याने सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. केला नसेल तर आजच करावा. सोबत यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक ठेवावा. हे चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर फिरवतात, म्हणून पहिल्या काही तासांची किंमत फार असते. वाटेत कुठे रक्कम गोठवली गेली असेल तर ती परत मिळवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकून मिळालेला क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हेही त्याला सांगा. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवून बँकेकडे भरपाई मागा, असं त्याला कोणी सांगेल. ते परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी काढलेलं होतं. त्याने स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, त्यामुळे त्या आधारावर फारशी आशा धरू नये.

"पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असं सांगणारे या पोरामागे लागतील, कदाचित सायबर सेलच्या नावानेही. एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा गाठणारी ही दुसरी टोळी असते. पोलीस पैसे परत मिळवून द्यायला फी घेत नाहीत.

तो फसला कसा, हे त्याच्याशी शांतपणे बोला. तुम्ही पाठवलेलं संभाषण मी वाचलं. "कैसे हो बेटा, अपना नंबर भेजो," असं हिंदीत सुरू होतं. वर्गात मराठी आणि वर्गाबाहेर कोंकणी बोलणारे त्याचे गुरुजी हिंदीत का लिहितील? त्याला ते खटकलंही होतं, पण गुरुजींना उलट विचारायचं कसं म्हणून गप्प बसला. चोर याच आदरावर जगतात, म्हणून शिक्षक, डॉक्टर, मोठे अधिकारी यांचेच फोटो उचलतात. पुढे "अधिकाऱ्याने" व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र आणि सामानाचे फोटो पाठवले आणि "ट्रक निघालाय" म्हणून घाई केली. पैसे पाठवताना अ‍ॅपवर त्या अधिकाऱ्याचं नव्हे, तिसऱ्याच माणसाचं नाव आलं होतं. तिथे थांबून तुमच्या जुन्या नंबरवर एक फोन केला असता तर पैसे वाचले असते.

तुमच्या खऱ्या खात्यावर मित्रांची यादी अजून सगळ्यांना दिसते. ती आजच फक्त स्वतःपुरती करा, नातवाला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. त्या यादीवरूनच पुढचा माणूस निवडला जातो.

ग्रुपवर भांडू नका. "माझ्या नावाचं खोटं खातं निघालं आहे, मी कोणाकडे पैसे मागितलेले नाहीत, पोलिसांत अमुक तारखेला अर्ज दिला आहे," एवढं लिहा आणि शिक्का असलेल्या प्रतीचा फोटो टाका. यानंतरही कोणी तुम्हाला चोर म्हणत राहिलं तर न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानीचा मार्ग आहे, पण आपल्याच विद्यार्थ्यांवर तो वापरायची वेळ येईल असं मला वाटत नाही. शक्य असेल तर तुम्ही आणि तो मुलगा एकाच दिवशी, एकत्र पोलीस ठाण्यात जा. दोघांचे अर्ज एकमेकांना बळ देतात, आणि त्याच्या वडिलांनाही तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते कळतं.

राहिला अडकण्याचा प्रश्न. त्याच्या तक्रारीवरून पोलीस तुम्हाला विचारपूस करतील, ते त्यांचं कामच आहे. साक्षीदार म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 ची नोटीस आली तर 60 वर्षांवरच्या पुरुषाला राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. जबाब घरीच घ्या, असं तुम्ही लेखी कळवू शकता. नोटीस त्याच संहितेच्या कलम 35 ची असेल तर मात्र ती संशयिताला दिलेली असते. ती टाळू नका, मला किंवा जवळच्या वकिलाला आधी दाखवा आणि ठरल्या दिवशी अर्जाची शिक्का मारलेली प्रत घेऊन हजर राहा. आणि व्हिडिओ कॉलवर कोणी वर्दीत येऊन "गुरुजी, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे," म्हणालं तर फोन बंद करा. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही.